मागच्या सीटवरचा गारवा

लाइट यायला वेळ आहे, कंदील जरा इकडे सरकवा. पण रात्रीच्या अंधारातली गोष्ट सांगेन अशी आशा ठेवू नका. हे वैशाखातल्या भर दुपारी घडलं, बीदरलगतच्या नौबादमधल्या माझ्या गॅरेजात, वरचा पत्रा तापून तडतडत असताना.

अच्युतराव कुवेतची नोकरी संपवून बीदरला परतले ते एक परदेशी गाडी घेऊनच. स्वतः इंजिनिअर माणूस. त्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा कंप्युटर ठरवायचा, आणि आत येणारी हवा गरम की गार हे त्याला कळावं म्हणून हवेच्या नळीत बोटाच्या पेराएवढा सेन्सर बसवलेला. हवा गार झाली की सेन्सरचा विजेला होणारा रोध वाढतो आणि कंप्युटर जादा पेट्रोल सोडतो. सेन्सरने उन्हाळ्यात गार हवेची थाप मारली की संपलंच. काळा धूर ओकत इंजिन गुदमरतं.

तेच चाललं होतं. हैदराबादच्या वाटेवर, जहिराबादच्या अलीकडे गाडी बंद पडायची आणि टो करून माघारी यायची. जाणं तर भाग होतं. त्यांच्या पत्नीच्या, नलिनीअक्कांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन तिथं ठरलं होतं, आणि बसचे धक्के त्यांना सोसणार नव्हते.

माझ्याकडे आली की मात्र गाडी गरीब गायीसारखी वागायची. मुंबईहून नवा सेन्सर मागवून बसवला. वायरी तपासल्या, अर्थिंग घासलं. सोडावाल्याकडून बर्फ आणून सेन्सर त्यात बुडवला आणि रोध मोजायच्या मीटरची सुई थांबली तिथं काचेवर खूण म्हणून शकूची टिकली चिकटवली. शकू म्हणजे माझी बायको. रोज दुपारी डबा घेऊन गॅरेजात यायची. सुई टिकलीवर गेली म्हणजे सेन्सर बर्फात, एवढं सोपं करून ठेवलं होतं. पण ती मेली जायचीच नाही!

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गाडी पुन्हा वाटेतून ओढून आणली, तेव्हा मी पाना आपटला.

"साहेब, माझ्याकडं चांगली चालायलीय. तुमच्याकडंच कामून बिघडतीय? एवढं काय वेगळं करायलाव तुम्ही?"

"काही न्हाई रे अंबाजी. मी चालवतो, ही मागं बसते."

नलिनीअक्का दाराशी बाकावर बसल्या होत्या, छातीवर हात ठेवून, घामाघूम. माझ्या डोक्यात उजेड पडला. सीटखालून वायरी गेल्यात, वजनाने दबत असतील! मी वायरींच्या कंप्युटरकडच्या टोकाला मीटर लावला आणि त्यांना मागं बसायला सांगितलं.

त्या बसल्या. सुई सरसर सरकली आणि टिकलीवर जाऊन थांबली.

मी आनंदानं मांडीवर थाप मारली. त्यांना उतरवलं, सुई परत आली. अच्युतरावांना बसवलं. सुई जागेवर. मी बसलो, सीटवर दोन बॅटऱ्या आदळल्या. सुई ढिम्म. अक्का बसल्या की बर्फ. शेवटी वायरी सोडून मीटर थेट सेन्सरलाच जोडला, तरी तेच. आता वायरींना दोष द्यायची सोय राहिली नाही. इतका संताप आला की रडूच कोसळायचं बाकी होतं. मग मी हवेच्या नळीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात ती रबरी नळी गार पडली होती, वर दव जमलं होतं. ओल्या राखेचा वास येत होता.

सेन्सर खरं तेच सांगत होता.

"अक्का... मागं तुमच्यासंगं आजून कोण हाय का?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

त्या सीटच्या एका कडेला अंग चोरून बसल्या होत्या. शेजारची जागा मोकळी.

"सासूबाईंच्या अस्थी ह्याच गाडीतून नेल्या नांदेडला, गोदावरीत," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या मांडीवर होत्या. आपल्याकडं वाटंत पूल आला की अस्थींना सांगावं लागतं, पूल आलाय, संगं चला. ठिकाण आलं की म्हणावं लागतं, उतरा. ह्यांनी मला बोलूच दिलं न्हाई. तवा ड्रायव्हर ठेवला होता, तो हसंल म्हणाले. तवापासून माझ्या छातीत धडधड... आन् ह्या बाजूला गार..."

"नलिनी, पुरे!" अच्युतराव ओरडले. पण डोळे मीटरवर होते. मग त्यांनी मागचं दार उघडलं, हात जोडले आणि रागानं की लाजेनं कुणास ठाऊक, म्हणाले, "आई, चुकलं माझं. उतर आता. आलं ठिकाण."

"अहो, इथं नका! नदीवर नेऊन..." अक्का म्हणाल्या, तोवर बोलून झालं होतं.

गाडी जराशी हलली, कुणी पाय खाली ठेवावा तशी. सुई सावकाश टिकलीवरून निघाली आणि उन्हाळ्यावर आली. अक्कांनी मोठा श्वास घेतला आणि पाय ऐसपैस पसरले. त्याच संध्याकाळी ते निघाले. गाडी कुठंही अडली नाही, ऑपरेशनही नीट झालं. डॉक्टरच म्हणाले, वाटलं होतं त्याहून सोपं गेलं.

मी खूश. आठवडाभर येईल त्याला सांगत सुटलो. मग एका दुपारी शकू डबा घेऊन आली आणि दाराशी बाकावर टेकली. टेबलावर जुना सेन्सर पडला होता, ज्याला मी उगाच खोटारडा ठरवला होता तो. सहज मीटर जोडून ठेवला होता.

"अवं," शकू पदर अंगाभोवती ओढत म्हणाली, "इथं गार वाटायलंय. कामून वो?"

ती बाकाच्या अगदी कडेला सरकून बसली होती. शेजारी जागा सोडून. एक हात छातीवर.

मी मीटरकडे पाहिलं. सुई दिसत नव्हती. ती शकूच्या टिकलीमागे होती.