पासष्ट ग्रॅम

तो दुकानात आला तो चुकून. जिना उतरून उजवीकडचं दार ढकललं असतं तर थेट रस्त्यावर गेला असता. त्याने डावीकडचं ढकललं. अशा वेळी माणूस 'सॉरी' म्हणतो आणि मागे फिरतो. हा फिरला नाही. दारातच उभा राहून टेबलावर मांडलेल्या कीबोर्डांकडे बघत राहिला.

"हात लावून बघा... चावत नाहीत," ती मान वर न करता म्हणाली.

मग तिने मान वर केली आणि हातातला चिमटा हातातच राहिला. देखणा वगैरे म्हणावा असा तो मुळीच नव्हता. पावसाने भिजलेले केस, एक बाही दुमडलेली, दुसरी तशीच. पण त्याने एका गोल बटणावर बोट ठेवलं, दाबलं, खट् झालं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, की ती हातातलं काम विसरली.

दुकान मूळचं तिच्या वडिलांचं. चाळीस वर्षं त्यांनी तिथे टाइपरायटर दुरुस्त केले. टाइपरायटर संपले तेव्हा लेकीने त्याच जागेत हे सुरू केलं: वरून जुना टाइपरायटर, आतून आजच्या कॉम्प्युटरला जोडायचा कीबोर्ड. गोल बटणं, त्यांना पितळी कडा, डाव्या हाताला ओळ बदलायची दांडी. लिहिणारे घेत, गेम खेळणारे घेत, नुसते फोटो काढून जाणारेही बरेच होते. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत बसत आणि मधूनमधून शेरे मारत.

"हे नक्की कशासाठी?" त्याने विचारलं.

"लिहायला, खेळायला... आणि शेजाऱ्यांशी भांडण काढायला."

"मग मला हवाच. मी लिहितोही आणि खेळतोही. भांडायला शेजारी बरे आहेत." तो खुर्ची ओढून बसलासुद्धा. "व्हिडिओ गेममधले संवाद लिहितो मी. राक्षस मरताना काय बोलतो, ते माझं काम."

"काय बोलतो?"

"फार नाही. दोनच सेकंद मिळतात बिचाऱ्याला."

ती खळखळून हसली. कोपऱ्यातला पेपर जरासा खाली झाला आणि पुन्हा वर गेला.

तिने त्याला स्प्रिंगांच्या डब्या दाखवल्या. प्रत्येक बटणाखाली एक स्विच, स्विचच्या पोटात एक स्प्रिंग. पस्तीस ग्रॅमची असेल तर बोट नुसतं टेकवलं तरी बटण खाली जातं. पासष्टची असेल तर नीट जोर लावावा लागतो. त्याने पासष्टची मागितली.

"लेखकाला एवढं वजन कशाला हो?"

"लिहिलं असं वाटायला नको का, मिस्त्री?"

मिस्त्री! तिला आजवर कोणी मॅडम म्हणे, कोणी ताई. मिस्त्री कोणीच म्हटलं नव्हतं. त्या दिवशी दुकान बंद करताना तिने ते दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि स्वतःलाच वेड्यात काढलं.

कीबोर्ड घेऊन गेला तरी शनिवार आला की स्वारी हजर. निमित्त शर्यतीचं. दुकानाच्या कॉम्प्युटरवर एक गेम होता: पडद्यावर ओळ येते, जो आधी टाइप करेल त्याची गाडी पुढे. पहिले तीन शनिवार तो सहज जिंकला आणि जिंकल्यावर असा काही मिरवला, की बाबांनाही हसू आवरेना. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. ती प्रेमात पडली होती, आणि हे तिच्याखेरीज सगळ्यांना दिसत होतं.

चौथ्या शनिवारी शर्यत मध्येच थांबवून तो म्हणाला, "मी त्या दिवशी तुझ्याकडे आलो नव्हतो गं. वर गेलो होतो."

वर, दुसऱ्या मजल्यावर, मज्जातंतूंच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्याच्या मानेतलं हाड आतला मज्जारज्जू दाबत होतं. आधी बोटं जातील, मग हात, मग चालणंही. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं.

"मग कर की!"

"माझ्या वडिलांना हेच होतं." तो पडद्याकडे बघत बोलत होता. "ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी गेले... परत आले ते स्ट्रेचरवर. नंतर सहा वर्षं तसेच. मी आणि ताई त्यांना कूस बदलून द्यायचो. डॉक्टर म्हणतात आता शस्त्रक्रिया सुधारलीय. असेल. पण मी लगेच नाही जाणार. सध्या फार वाढलेलं नाही. वाढतंय असं वाटलं तर जाईन. बघू."

कशावरून बघणार, हे तिने विचारायला हवं होतं. तिने त्याचा हात हातात घेतला. तो गार होता. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे मांस भरलेलं असतं, तिथे एक लहानसा खळगा पडला होता. तिला तो बोटांनी कळला आणि तिने नजर दुसरीकडे वळवली.

दोन आठवड्यांनी तो कीबोर्ड काखेत मारून आला. "मिस्त्री, तुझा माल बिघडला. उजव्या कडेची अक्षरं मध्येच उमटतच नाहीत. हे बघ."

त्याने छापलेला कागद पुढे केला. शब्दांमध्ये भोकं पडली होती. तिने एकेक बटण दाबून पाहिलं. सगळी व्यवस्थित चालत होती. कीबोर्डला काहीच झालं नव्हतं. उजवीकडची अक्षरं करंगळीने आणि तिच्या शेजारच्या बोटाने दाबायची होती.

तो तिच्याकडे बघत होता. कसा बघत होता! निकालाच्या दिवशी पोरं मास्तरांकडे बघतात तसा.

"हो," ती म्हणाली, "स्विच जाम झालेत. पावसाळी हवा ना... ठेवून जा. तेलपाणी करून देते."

त्याने सोडलेला श्वास तिला टेबलाच्या पलीकडे ऐकू आला.

त्या दुपारी तिने चौऱ्याऐंशी स्विच उघडले. पासष्टच्या स्प्रिंगा काढल्या, पंचावन्नच्या घातल्या. खट् असा आवाज करणारी पत्ती वेगळी असते. स्प्रिंग बदलली तरी आवाज तेवढाच खणखणीत येतो. थोडा हलकेपणा जाणवला तरी तो तेलाच्या नावावर खपणार होता.

बाबांनी पेपरची घडी घातली. "काय चाललंय?"

"तेलपाणी."

"तेलाला स्प्रिंगांच्या डब्या कधीपासून लागायला लागल्या? गिऱ्हाइकाला न सांगता आतला माल बदलायचा नाही. या दुकानात तुला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं मी."

"तो खूश होईल बाबा. तेवढंच."

त्या दिवशी बाबा लवकर घरी गेले.

आणि तो खूश झाला. इतका, की तिच्या मनात उरलीसुरली टोचणी होती तीही गेली. दर महिन्याला तेलपाणी हा मग नेमच पडला. दुसऱ्या महिन्यात पंचेचाळीस. तिसऱ्यात पस्तीस. त्याखाली तिच्याकडे डबीच नव्हती. शनिवारच्या शर्यतीत ती आपली बोटं आवरून धरायची. त्याची गाडी अर्ध्यावर असताना हिची पाव रस्त्यावर रेंगाळत असायची.

"मिस्त्री, हल्ली लक्ष कुठे असतं तुझं?"

"तुझ्याकडे," ती म्हणायची. ते मात्र खरं होतं.

एका संध्याकाळी तो पावसातून धावतच आला. छत्री होती, पण मिटलेली. शर्टाची वरची दोन बटणं उघडी, आणि तिला माहीत होतं ती का उघडी आहेत. हल्ली त्याला ती लावता येत नव्हती. तो म्हणायचा, उकडतं.

"ऑपरेशन रद्द!" त्याने तिचे दोन्ही खांदे धरले. "आत्ता वर जाऊन सांगून आलो. डॉक्टर तपासायला बसवत होते. म्हटलं, काही गरज नाही. दोन तारखा पुढे ढकलल्या होत्या, आता तारीखच नको!"

"रद्द...? का?"

"अगं, वाढतच नाहीये! रोज सकाळी उठलो की तुझ्या कीबोर्डवर एक पान टाइप करतो. पासष्ट ग्रॅम. ठरवलंच होतं मी... ज्या दिवशी पासष्ट ग्रॅम दाबता येणार नाही, त्या दिवशी दवाखान्यात जायचं. मधे वाटलं होतं संपलं म्हणून, पण ते तुझे स्विच जाम झाले होते. तीन महिने झाले. एक अक्षर गाळलं नाही मी! कप सुटतो हातातून कधी, बटणं लागत नाहीत... ते आपलं हवेमुळे. बोटं आहेत तशीच आहेत. आता ऐक. मला तुला एक विचारायचंय—"

काय विचारणार होता ते तिला कळलं. त्यासाठी तर ती इतके शनिवार दाराकडे डोळे लावून बसली होती. एक 'हो' म्हटलं की झालं असतं. आणि मग वर्षभरात कधीतरी त्याचे पाय गेले असते.

"पस्तीस आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"स्प्रिंगा. मी बदलल्या... तीनदा. तुझ्या कीबोर्डमध्ये आता पस्तीस आहेत. स्विच कधीच जाम झाले नव्हते."

तो हसला. थट्टा समजला असणार. तिचं तोंड बघून ते हसू हळूहळू विरलं. कोपऱ्यातून बाबा उठले आणि मागच्या खोलीत गेले.

"पासष्टचा कुठला?" त्याने विचारलं.

तिने टेबलावरचा एक कीबोर्ड दाखवला. तो त्यापुढे बसला. उजवी करंगळी बटणावर ठेवली आणि दाबली. बटण हललं नाही. त्याने शेजारचं बोट ठेवलं. बोट थरथरलं, वाकडं झालं, घसरून पडलं. त्याने पुन्हा ठेवलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून जोर लावला. तिला ओरडावंसं वाटत होतं, पुरे कर, पण ते म्हणायचा हक्क आपण घालवलाय हे तिला कळत होतं.

पाच-सहा वेळा प्रयत्न करून तो उठला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो बाहेर जाऊन जिना चढू लागला. वर दवाखान्याचं दार उघडल्याचा आवाज तिने खाली उभं राहून ऐकला.

त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. तिने केलेल्या मेसेजला उत्तर आलं नाही. अकराव्या दिवशी त्याच्या ताईचा फोन आला. ऑपरेशन झालं, एवढंच त्या म्हणाल्या आणि वॉर्डाचा नंबर सांगितला.

ताई हॉस्पिटलच्या पॅसेजमध्येच भेटल्या. थकलेल्या होत्या, बोलताना भिंतीला टेकल्या होत्या. "पाय वाचले. चालेल. डावा हातही चांगला आहे. उजव्या हाताची दोन बोटं गेली, ती आता येणार नाहीत. तीन महिने आधी आला असता तर तीही राहिली असती म्हणतात." मग तिच्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "तुम्हाला एक थोबाडीत द्यायची फार इच्छा होती माझी. पण तुम्ही सांगितलं नसतं तर तो गेलाच नसता. त्यामुळे काय करावं ते मला कळत नाही. आत जा."

तो उशीला टेकून बसला होता. मानेला पट्टा, त्यामुळे मान वळवता येत नव्हती. ती त्याला दिसेल अशा जागी स्टूल ओढून बसली. शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकत होता.

"हात कसा दिसतोय?" त्याने विचारलं. "मला खाली बघता येत नाही. ताई म्हणते, छान. तू सांग."

तिने हात बघितला. चादरीवर पडला होता.

"वाईट दिसतोय," ती म्हणाली. ती थांबली नाही. "करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलंय. सुकलीत दोन्ही. ती पुन्हा चालणार नाहीत. अंगठ्यापाशी खळगा आहे. तो पूर्वीही होता. मला हाताला लागला होता, मी बोलले नाही."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पट्ट्यामुळे ते पुसायलाही त्याला तोंड वळवता येईना. तिने पुसलं. त्याने पुसू दिलं.

"अजून?"

"शर्यतीत मी मुद्दाम हरत होते."

"ते मला माहीत होतं. बरं वाटायचं, म्हणून गप्प बसायचो. अजून?"

"अजून... माझं तुझ्यावर प्रेम आहे. पहिल्या दिवसापासून. दया म्हणून नाही केलं मी ते. तुझा चेहरा पडलेला बघवत नव्हता मला. पण तुझी बोटं माझ्यामुळे गेली, आणि यातलं एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही."

त्याने डोळे मिटले. "तू पुढे कधीही मला म्हणालीस ना, की आज बरा दिसतोस... तर मी आधी आरशात जाऊन बघणार. रोज बघणार. चालेल तुला?"

"चालेल."

"मला चालेल की नाही, ते मला माहीत नाही अजून."

तेवढ्यात घंटा झाली आणि सिस्टर खाटांमधून आवाज देत आल्या. "चला, भेटायची वेळ संपली. पेशंटजवळ एकच माणूस थांबेल, घरचं." त्या तिच्यापाशी येऊन थांबल्या. "तुम्ही यांच्या कोण?"

ती पर्स उचलून उठली. तेव्हा त्याने तिची ओढणी धरली. उजव्याच हाताने, उरलेल्या तीन बोटांनी.

"एक नंबरची खोटारडी आहे," तो सिस्टरना म्हणाला. "पण राहू द्या तिला."