अठरावी काडी

उद्याच्या पहाटेसाठी काड्या कापायच्या म्हणून डल्सी ट्रेगेन्झा चोवीस एप्रिलच्या दुपारी कात्री घेऊन परसात गेली. रोझमेरीचं झुडूप तिच्या कमरेपर्यंत वाढलं होतं आणि त्याच्या उग्र, औषधी वासाने तिला दरवर्षीप्रमाणे दोन शिंका आल्या. बोटभर काडी कापायची, पांढऱ्या दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे, गाठ मारायची. एकेचाळीस वर्षं ती हे करत होती. दोरा एकदाच कमी पडला होता. नवरा, रॉन, गेला त्या वर्षी तिचं कशातच लक्ष नव्हतं. नेमक्या शेवटच्या काडीला रीळ संपलं, तेव्हा तिने रॉनच्या लाल स्वेटरची उसवलेली लोकर ओढून काढली आणि भागवलं.

पंचवीस एप्रिल हा लढाईत पडलेल्यांचा दिवस. ऑस्ट्रेलियातल्या विराबी गावची माणसं त्या पहाटे अंधारात दगडी खांबापाशी जमतात. खांबावर सतरा नावं आहेत आणि त्यांची हजेरी घेतात, अगदी पलटणीत घेतात तशी. नाव पुकारलं की त्या घरातलं कुणीतरी ‘हजर’ म्हणतं आणि आठवणीची खूण म्हणून आपली रोझमेरीची काडी खांबाच्या पायाशी ठेवतं. पण दुष्काळांनी गाव झिजत गेलं. हॉकिंगांचा वंश बुडाला, क्लेम आणि नॅन्किव्हेल शेती विकून निघून गेले, आणि पॅट शीहान तर मेंढ्या कातरायला आलेला फिरस्ता, त्याचं मुळात कुणी नव्हतंच. नाव पुकारावं आणि उत्तरच येऊ नये, हे डल्सीला सोसेना. म्हणून त्या चौघांच्या वतीने तीच ‘हजर’ म्हणू लागली.

तिच्या घरचा माणूस मात्र हजेरीत नव्हता. लीथकाका, तिच्या वडिलांचा थोरला भाऊ. लग्नानंतरही तिने माहेरचं ट्रेगेन्झा हेच आडनाव ठेवलं होतं. पहिल्या महायुद्धात चार वर्षं खंदकांत काढून तो परत आला. हातीपायी धड आला, म्हणून लोकांना बरं वाटलं. तिसऱ्या वर्षी, एप्रिलातल्याच एका सकाळी, तो बूट घालून गावाबाहेरच्या खाऱ्या तळ्यात चालत गेला. आघाडीवर पडला नाही, म्हणून खांबावर नाव नाही. दरवर्षी सगळं आटोपलं की डल्सी शेवटची काडी तळ्याकाठी ठेवून यायची. दुसऱ्या दिवशी ती तिथे नसायची. वारा नेतो, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

फाटक वाजलं. एरॉल शिर्मर आला होता, स्मारक समितीचा अध्यक्ष आणि शाळेत तिच्या शेजारच्या बाकावर बसणारा.

“किती झाल्या काड्या?”

“मोजायला आलास की बिस्किटं खायला?”

“बिस्किटं. मोजणं हे निमित्त.” त्याने तिच्या शेजारच्या डब्यातून ओटची दोन बिस्किटं उचलली.

डल्सीने कात्री खाली ठेवली. “एरॉल, घर विकलं मी. जूनमध्ये रॉबिनकडे चाललेय, ॲडलेडला. लेक ऐकतच नाही. म्हणजे उद्याची पहाट माझी शेवटची. एकदा, फक्त एकदा काकाचं नाव घे.”

एरॉलचं चावणं थांबलं. “डल्स, माझ्या आजोबांच्या समितीने ठरवलेलं आहे ते. एकाचं घेतलं की उद्या जो तो उठेल.”

“जो तो म्हणजे कोण रे? गावात उरलंय कोण? वीस डोकी, त्यातली अर्धी बहिरी!”

“नियम आहे गं.”

“तुझा नियम बिस्किटं बरी खातो.”

तो हसला, तिसरं बिस्किट घेतलं, आणि मान मात्र नकारार्थीच हलवून गेला. त्याचा राग धरून ठेवणं तिला कधी जमलंच नव्हतं. पण त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. आपण गेल्यावर काकाची आठवण काढणारंही कुणी उरणार नाही, हे तिला खरोखर लागलं होतं.

पहाटे थंडी कडक होती. बिगूल वाजेपर्यंत दिवा लावायचा नाही अशी रीत, त्यामुळे माणसं ओळखायची ती खोकण्यावरून. डल्सीने चाचपडत प्रत्येक घरातल्या एकाच्या हातात काडी दिली आणि आपल्या पाच एप्रनच्या खिशात ठेवल्या. चार त्या चौघांच्या, एक काकाची. मग ती नेहमीसारखी सगळ्यांच्या मागे, कुंपणाला पाठ लावून उभी राहिली. तिच्या मागे कापणी झालेलं शेत होतं आणि त्यापलीकडे तळं.

एरॉल लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात वाचू लागला. नावामागून नाव, हजरमागून हजर.

“हॉकिंग, जेम्स.”

डल्सीने तोंड उघडलं.

“हजर,” तिच्या मागून कुणीतरी म्हणालं.

पुरुषाचा आवाज, दबका, तरुण. डल्सी चकित झाली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. एरॉलने हॉकिंगांचा कुणी दूरचा नातलग शोधून आणला होता तर! तिला निरोप म्हणून! लबाड कुठला, काल चकार शब्द बोलला नाही...

“क्लेम, ओटो.”

“हजर.” हा आवाज वेगळा होता.

“नॅन्किव्हेल, आल्बर्ट.”

“हजर...”

तिच्या कोपराजवळून कुणीतरी पुढे गेलं. पाऊल वाजलं नाही. फक्त भिजलेल्या लोकरीचा आणि चिखलाचा वास आला, आणि तिच्या स्वेटरची बाही गार पडली.

“शीहान, पॅट्रिक.”

पॅट शीहानचं कुणी नव्हतं. ना इथे, ना कुठे.

“हजर,” मागून उत्तर आलं, आणि त्या आवाजात किंचित हसू होतं.

डल्सीने खिशात हात घातला. पाचही काड्या जागच्या जागी होत्या.

शेवटचं नाव झालं. एरॉलने कागदाची घडी घातली. आता बिगूल वाजायचा... पण त्याआधीच कुंपणापासून तोच पहिला दबका आवाज आला, हजेरीच्या चालीत.

“ट्रेगेन्झा, लीथ.”

कुणी खोकलं नाही. डल्सीला कळलं, मागचा सगळा अंधार तिच्यासाठी थांबला आहे. घरच्या माणसानेच उत्तर द्यायचं, आणि गावात घरचं असं तीच एकटी उरली होती. एकेचाळीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या माणसांसाठी ओ दिली होती. आता स्वतःच्या माणसासाठी तिचा आवाज फुटेना.

“ह... हजर.” मग तिला स्वतःचीच चीड आली. “हजर!” ती ओरडलीच.

ती चाचपडत पुढे गेली आणि काकाची काडी खांबाशी ठेवली. मागे, मऊ मातीत, कितीतरी बूट एकाच वेळी जुळले. मग बिगूल वाजला.

उजाडलं तेव्हा गावची वीस माणसं उभी होती. सगळी ओळखीची. कुंपणापलीकडे दव पडलेलं शेत होतं, बाकी काही नाही.

एरॉल तिच्याजवळ आला. “डल्स, कोण होते ते? तू बोलावलेस ना?”

“मला वाटलं तू...”

“मी नाही गं.”

“मीही नाही.”

मग एरॉलने कानामागची पेन्सिल काढली, कागद उलगडून खांबावर टेकवला आणि सतराव्या नावाखाली अठरावं लिहिलं. “पुकारलं गेलं, उत्तर आलं. म्हणजे हजेरीत आहे,” तो म्हणाला. “नियम आहे. दरवर्षी घेईन मी. फक्त उत्तर द्यायला तू ये.”

“बिस्किटं करावी लागतील, म्हणून बोलावतोयस.”

“हो, आणि काय!” तो म्हणाला आणि त्याने पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली.

डल्सी काड्या नीट लावायला खाली बसली. खांबाशी अठरा होत्या. तिच्या खिशात चौघांच्या चार अजून तशाच. अठरातल्या चार काड्या जुन्या होत्या, करड्या, पानं झडलेल्या, मिठाने पांढुरक्या पडलेल्या. दोऱ्याचे दोन वेढे, तिचीच गाठ. तिन्हींना पिवळा पडलेला दोरा होता. चौथीला रॉनच्या स्वेटरची लाल लोकर.

म्हणजे वाऱ्याने नेल्या नव्हत्या. काकाने जपून ठेवल्या होत्या, आणि ज्यांच्यासाठी काडी आणणारं कुणी नव्हतं त्यांना वाटल्या होत्या. डल्सीला भीती वाटायला हवी होती. पण तिला इतकं बरं वाटलं की ती तिथेच मातीत बसून पोटभर रडली आणि मग सभागृहात जाऊन रम घातलेला चहा दोन कप प्यायली.

लाल लोकर तिने सोडवून खिशात ठेवली होती. ती ओली होती. पिळली तर खारं पाणी निघालं. तळं आठ वर्षं कोरडं ठणठणीत आहे.

जूनमध्ये ॲडलेडच्या नव्या घरात तिने लोकर उन्हाच्या खिडकीत वाळत टाकली. ती अजून वाळलेली नाही. खिडकीखालचं पाणी रॉबिन रोज सकाळी पुसते.