कोपऱ्यातलं भात

गोधडी गेली हे कळलं, तो दिवाळीच्या सुट्टीचा पहिलाच दिवस होता.

सकाळी मुंबईहून आलेले पाहुणे महाडच्या चवदार तळ्यापाशी जमले होते. गणू त्यांना फेरीला नेणार होता. आधी तळं, मग बाजारपेठेतल्या जुन्या घरांचे कोरीव लाकडी खांब आणि शेवटी पाल्याची लेणी. गोधडी आणायला घरी धावलेली शकू रिकाम्या हातांनी परत आली.

"खुंटीवर नाही! पेटीत नाही! कुठेच नाही!"

"श्रीपतमामांना विचारलंस?" गणूने विचारलं.

"विचारलं. परवा कुंपणावर उन्हात टाकली होती म्हणे. घरात घ्यायची विसरले."

गणूचा चेहरा पडला. दहा वर्षांचा चांगू तर रडायलाच लागला.

ही फेरी शकूच्या आत्याने, म्हणजे जानकीबाईंनी सुरू केली होती; शकू शाळेसाठी त्यांच्याकडेच राहायची. कोणीही पाहुणा येवो, त्या त्याला गाव दाखवायला निघत. खांबावरचा पोपट कुठे कोरला आहे, लेण्यातल्या बाकावर भिक्खू कसे झोपत, सगळं सांगत. कुणी पैसे देऊ लागलं, की हात मागे घेत. म्हणत, "लेणी मी कोरली नाहीत, खांब मी घडवले नाहीत. मग पैसे कशाचे? आवडलं असेल तर एक चिंधी द्या."

पाहुणे हसत आणि रुमालाचा कोपरा, जुन्या ओढणीचा तुकडा, असं काहीतरी देत. घरी परतल्यावर कुणी टपालाने पाठवून देई. जानकीबाई ते सगळे तुकडे एका गोधडीत शिवत. फेरीला निघण्याआधी ती गोधडी पाहुण्यांना दाखवत.

गेल्या वैशाखात तापाने त्या गेल्या. गोधडी राहिली होती. आता तीही नव्हती.

संध्याकाळी मुलं श्रीपतमामांच्या ओटीवर बसली. श्रीपतमामा म्हणजे आत्याचे यजमान.

"पोलिसांत जाऊ या!" गणू म्हणाला.

"माणूस गेलं, तिथे गोधडीचं काय घेऊन बसलात?" मामा म्हणाले. पण रिकाम्या खुंटीकडे पाठ करून बसले होते. ताटातली भाकरीही तशीच होती.

शकूने ते पाहिलं. "ज्याने नेली ना, त्याला मी सोडणार नाही," ती हळूच म्हणाली. "आत्याची शपथ!"

दोनच दिवसांनी गणू धापा टाकत आला.

"सापडली! एसटी स्टँडजवळ! हैबतीच्या सोड्याच्या दुकानात!"

तिघंही धावत सुटली.

हैबती मुंबईत चार वर्षं राहून परत आला होता. दुकानातही काळा गॉगल लावून बसायचा. त्याच्यामागे खुर्चीवर गोधडी पसरली होती! वर नवी पाटी होती, 'येथे मोफत गाईड मिळेल.' समोर बाकावर गावचे पुढारी भागोजीनाना सोडा पीत होते.

"ही आमच्या आत्याची गोधडी आहे!" शकू ओरडली.

"ए, आवाज खाली!" हैबती म्हणाला. "ही माझ्या आईने, चंपाबाईने, माझ्यासाठी शिवलेली हाय. पाहुणे लोक मला चिंध्या देतात. क्या समझी?"

"खोटं! त्या निळ्या रेघांच्या रुमालाचे मालक नागपूरचे होते. ती जरीची पट्टी..."

"अगो, गोधडी म्हटली की चिंध्या असायच्याच," भागोजीनाना म्हणाले. "रविवारी ठाण्याचं भटकंती मंडळ येतंय. इतकी वर्षं फुकट गाव दाखवणाऱ्याचे आभार मानायला! लेण्यांच्या पायथ्याशी पाहुण्यांसाठी त्यांनी दगडी बाक बांधलाय. त्यावर गाईडचं नाव रंगवणार आहेत. तो गाईड मीच, असं हैबतीने त्यांना कळवलंय, सगळी जुळवाजुळवही केलीय. उगाच विघ्न आणू नका."

"बाकावर हैबतीचं नाव?" शकूने विचारलं.

"तुमच्याकडे काय पुरावा हाय?" हैबती हसला.

"आहे पुरावा! त्या गोधडीत..."

गणूने तिला इतका जोरात चिमटा काढला, की ती किंचाळली. तो तिला ओढतच बाहेर घेऊन गेला.

"वेडी आहेस का? कोपऱ्यात काय आहे ते त्याला सांगितलंस, तर तो आत्ताच्या आत्ता उसवून टाकेल!"

शकूने जीभ चावली. खरंच की!

जानकीबाईंची एक रीत होती. गोधडीचा एकेक कोपरा पुरा झाला, की त्यात चिमूटभर भात शिवायचं. सालासकट, शेतातून आलेलं. "उपाशी गोधडी ऊब देत नाय," असं त्यांची आई म्हणायची. माघात तिसरा कोपरा शिवला, तेव्हा सुईत दोरा शकूनेच ओवून दिला होता. भातही तिच्याच घरून, कुडपणहून आलं होतं.

"मग नानांसमोर कोपरा उसवू या," चांगू म्हणाला.

"तो हात लावू देईल?"

शकू तळ्याच्या पायरीवर बसली. कुडपणला बाबा पेरणीआधी कधीकधी बी रुजवायचे. भात भिजवायचं, गोणीत भरायचं आणि वर दगड ठेवायचा. गोणी उघडली की कोंबच कोंब!

ती उठून उभी राहिली.

"उसवायची गरजच नाही. फक्त भिजली पाहिजे."

"कोण भिजवणार?"

"तोच! त्याच्याच हातांनी त्याची फजिती करायची. सगळ्यांसमोर! चांगू, तुला खाजवता येतं का?"

"म्हणजे काय! वर्गात पहिला नंबर!"

दुसऱ्या दिवशी चांगू दुकानात सोडा प्यायला गेला आणि मुद्दाम गोधडीला टेकून उभा राहिला. आधी मान खाजवली. मग पाठ. मग एकदम उडीच मारली.

"ढेकूण! बाप रे, केवढे ढेकूण!"

सोडा पिणारी दोन गिऱ्हाइकं ग्लास ठेवून चालू पडली.

"गप रे!" हैबती घाबरून म्हणाला. "कुठं हायत?"

"आत शिरलेत! हैबतीदादा, मंडळाची माणसं गोधडीला हात लावणार ना? आणि त्यांच्या हातावर ढेकूण चढला तर?"

हैबतीने गोधडी दोन बोटांनी उचलली. "आत्ता उकळत्या पाण्यात टाकतो!"

दाराआड उभ्या असलेल्या शकूने चौकट घट्ट धरली. उकळत्या पाण्यात भात मेलंच असतं!

"टाका, टाका," चांगू शांतपणे म्हणाला. "त्यातल्या तांबड्या साडीच्या तुकड्याचा रंग सगळ्या गोधडीला लागेल. मस्त दिसेल."

हैबती थांबला. "मग?"

"आमची आई थंड पाण्यात रात्रभर बुडवून ठेवते. ढेकूण गुदमरून मरतात."

हैबतीने पिंपात गोधडी बुडवली. दुसऱ्या दिवशी ती काढून भिंतीवर टाकली. पण भिजलेली गोधडी म्हणजे दगडासारखी जड! दुपारपर्यंत वरून सुकली, आत ओलीच राहिली. हैबतीला कंटाळा आला. त्याने ती घडी करून गोणीत कोंबली, गोणी चहाच्या भट्टीशेजारी सरकवली आणि वर सोड्याच्या बाटल्यांचा खोका ठेवला.

समोरच्या कट्ट्यावरून शकू बघत होती. तिने हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली.

"गोणी, ऊब आणि वर वजन! गणू, आमचे बाबासुद्धा इतकं नीट करत नाहीत!"

"आणि नाही रुजलं तर?"

शकूचं हसू मावळलं. "तर बाकावर त्याचं नाव लागेल. कायमचं."

रविवारी लेण्यांच्या पायथ्याशी गर्दी जमली. नवा दगडी बाक हारांनी सजवला होता. पेंटर हातात ब्रश घेऊन तयार होता. श्रीपतमामा यायला तयार नव्हते. शकूने त्यांना हाताला धरून आणलं होतं. ते सगळ्यात मागे उभे होते.

मंडळाच्या अध्यक्षा गीताबाई बोलल्या. "आमच्या जुन्या सभासदांकडून आम्ही ऐकत आलो, की महाडमध्ये एक गाईड आहे. ते पैसे घेत नाहीत, फक्त चिंधी मागतात. आज ती गोधडी बघायला मिळणार!"

हैबती सफारी घालून पुढे आला. त्याने गोणीचं तोंड सोडलं आणि न बघताच गोधडी खांद्यावर शालीसारखी घेतली. टाळ्या वाजल्या.

मग पुढच्या रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. विरलेल्या कापडातून, शिवणीच्या फटींतून पांढरे-हिरवट कोंब बाहेर डोकावत होते!

"अगो बाय! ह्याच्या अंगावर भात उगवलंय!"

सगळे पोट धरून हसू लागले. हैबती गर्रकन फिरला, तर पाठीवरच्या कोपऱ्यातही कोंब!

"हे... हे गवत हाय! ओलीमुळं आलं!"

शकू पुढे झाली.

"गवत? मग तीनच कोपऱ्यांत कसं? चौथ्यात का नाही? हैबतीदादा, गोधडी तुमच्या आईने शिवली ना? मग सांगा, कोपऱ्यात काय शिवलंय आणि का?"

हैबतीने गॉगल काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सांगा की!" गणू ओरडला.

"आई!" हैबती गर्दीकडे बघून म्हणाला. "सांग ह्यांना!"

चंपाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय सांगू रे मेल्या? माझ्या पदराला टाका घालायला मी जानकीकडं जायची! कोपऱ्यात भात घालायची तिचीच रीत. मेलेल्या बाईचं नाव चोरतोस?"

आता कोणी हसत नव्हतं.

हैबती गोधडी काढून खाली ठेवायला लागला.

"खाली नाही!" शकू म्हणाली. "मामांच्या हातात द्या. आणि कुठून उचलली, ते सगळ्यांसमोर सांगा."

"कुंपणावरनं," हैबती पुटपुटला.

"मोठ्याने!"

"कुंपणावरनं घेतली! चुकलं माझं!"

गर्दीने वाट करून दिली. खाली मान घालून हैबती शेवटपर्यंत चालत गेला. मामांनी गोधडी घेतली आणि छातीशी धरली. मग एका कोंबावरून बोट फिरवलं.

"जगलंय की," ते म्हणाले.

भागोजीनाना शकूजवळ आले. "शाब्बास पोरांनो! मला ओळखता आलं नाही, ते तुम्ही..."

"नाना, शाब्बास नंतर म्हणा," शकू म्हणाली. "आधी नाव लिहायला सांगा."

पेंटरने ब्रश रंगात बुडवला. 'जानकीबाई यांचे आभार' अशी अक्षरं बाकावर उमटली. गीताबाईंनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. मग पिशवीतून रुमाल काढला, त्याचा कोपरा फाडला आणि शकूच्या हातात ठेवला.

"आता फेरी कोण दाखवणार?" त्यांनी विचारलं.

"मी!" चांगू ओरडला. "आणि पाण्याच्या कळशा हैबतीदादा उचलणार!"

हैबतीने मुकाट्याने कळशी उचलली. लेण्यांच्या पायऱ्या चढताना गणू दर वळणावर मागे बघून म्हणायचा, "दादा, सांडू नका हं! तुमच्याजवळ पाणी सांडलं की उगवतं!"

संध्याकाळी गोधडी परत खुंटीवर गेली. कोंब शकूने अलगद सोडवले आणि परसात ओल्या मातीत लावले. गीताबाईंचा तुकडा तिने स्वतः शिवला. टाके वाकडे आले.

गोधडीचा चौथा कोपरा अजून शिवायचा आहे.