मोंघीबाचं माप

बाथरूम पाच फूट बाय साडेसहा. जुनी पांढरी टाइल, कोपऱ्यात उकिडवं बसायचा संडास, आणि ढाळ असा उलटा की पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी दाराकडे यायचं. राजकोटात अशी बाथरूमं मी सव्वीस वर्षं फोडतोय आणि नवी करून देतोय. मोरबी जवळच, त्यामुळे टाइल्सचं ज्ञान इथं प्रत्येकाला आहे. माप घ्यायचं मात्र कुणालाच नाही.

माझ्या यादीची पहिली ओळ टाइलची नसते, सिमेंटची नसते. जो ते बाथरूम वापरणार त्याचं नाव, आणि पुढं तीन मापं: जमिनीपासून गुडघा, जमिनीपासून मनगट, आणि बसल्या जागेवरून हात किती लांब पोचतो ते. कमोड, नळ, धरायचा दांडा, सगळं त्यावरून ठरतं. माझे उस्ताद करसनबापा सांगायचे, आधी माणूस मांड, मग भिंत. बाकीचे ठेकेदार मला शिंपी म्हणून चिडवतात. चिडवू देत. माझ्या बाथरूममध्ये आजवर कुणी घसरलेलं नाही.

जयसुखभाई बिल्डर. त्यांची आई मोंघीबा चैत्रात बाथरूममध्ये पडल्या, कंबर गेली. तेव्हापासून सून हंसाबेन आणि कामवाली त्यांना दोन्हीकडून धरून संडासला न्यायच्या. दुपारची झोप आटोपून शहर जागं होतं तेव्हा, म्हणजे चारनंतर, मी माप घ्यायला गेलो. बा हॉलमधल्या झोपाळ्यावर बसल्या होत्या, पायाच्या बोटांनी जमीन रेटत हलके झोके घेत.

"पोलकं शिवतोस की बाथरूम बांधतोस रे?" मी टेप लावल्यावर त्यांनी विचारलं.

"दोन्ही, बा. तुम्हाला काय काय हवं ते सांगा."

"मला एकच हवंय. आपलं आपण जाता यावं. ही उचलते ना मला, तेव्हा तोंड फिरवते." त्यांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. "मलाही तोंड असतं, पण मी कुठं फिरवू?"

गुडघा सतरा इंच, मनगट अठ्ठावीस, हात तेवीस. मी लिहून घेतलं. उंच कमोड, दोन स्टीलचे दांडे, पाय न घसरू देणारी खरखरीत टाइल, ढाळ नव्यानं. एक लाख अडतीस हजार झाले. जयसुखभाईंनी नव्वद सांगितले होते.

आठवड्यानं यादी घेऊन बसलो. हंसाबेननी गांठिये आणि कच्च्या पपईचा परतलेला संभारो ठेवला.

"हे दांडे कशाला, मनहरभाई?" जयसुखभाईंनी यादीवर बोट ठेवलं.

"बांना उठताना धरायला."

"भिंत आहे की."

"ओल्या भिंतीला काय धरणार, जयसुखभाई?"

हंसाबेन म्हणाल्या, "दांडा असला तरी पडायची ती पडणारच. नावच मोंघी. महागच पडणार."

दोघं हसली. मीही हसलो. गिऱ्हाईक हसलं की हसायचं असतं. शिवाय त्यांच्या नव्या इमारतीतल्या बावीस बाथरूमांचं काम मला हवं होतं. बा पाच फुटांवर बसून सगळं ऐकत होत्या. मी लाल पेन काढलं आणि दांड्यांवर रेघ मारली. खोडायचं ते मी लालनंच खोडतो, नंतर भांडण नको म्हणून.

निघताना हंसाबेननी बांसमोर पाण्याचा पेला धरला. बांनी हात पुढं केला, पण तो पेल्यापर्यंत गेला नाही. त्यांनी परत प्रयत्न केला. हंसाबेननी चिडून पेला त्यांच्या मांडीवर टेकवला, थोडं पाणी सांडलं.

का कुणास ठाऊक, मी टेप काढून हाताचं माप पुन्हा घेतलं. एकोणीस इंच.

चार इंचांची चूक माझ्याकडून सव्वीस वर्षांत झालेली नाही. खांदा धरला असेल, असं मी स्वतःला समजावलं. कागदावर मात्र जुनंच माप राहू दिलं.

पुढच्या बैठकीत कमोड गेला. "जुना संडास काय वाईट आहे?" जयसुखभाई म्हणाले. "सगळ्यांनी जन्म त्याच्यावरच काढला ना? धरून बसवतील तिला." मी एकदा नाही म्हणालो, दुसऱ्यांदा जरा हळू नाही म्हणालो, आणि खोडलं.

मागं झोपाळ्याचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. बांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पाचेक इंच वर लोंबत होते, आणि बा त्यांच्याकडं शांतपणे बघत होत्या. आधी वाटलं, झोपाळा वर घेतलाय. मी झोपाळ्याची उंची मोजली. होती तेवढीच होती. मग गुडघा मोजला. बारा. खिशातल्या दुसऱ्या टेपनं मोजला. बारा. मी त्यांच्या नडगीवरून हात फिरवला. कातडी गुळगुळीत होती, कुठं व्रण नाही, सूज नाही.

"दुखतंय का, बा?" मी हळूच विचारलं.

"दुखत नाही." त्या खाली वाकून माझ्या कानाशी बोलल्या. "नुसतं कमी होतं. तू ते लाल करू नकोस, बेटा."

मला ते कळलं. कळलं नाही असं मी आजही म्हणणार नाही. दांडे सव्वीसशेचे होते. मी पदरचे घातले असते तर कुणी विचारलंही नसतं. घरी जाताना वाटेत मी हार्डवेअरच्या दुकानापाशी स्कूटर थांबवलीसुद्धा. मग मनात आलं, आज दांडे दिले तर उद्या हा माणूस बावीस बाथरूमांत दांडे फुकट मागेल. मी स्कूटर चालू केली.

तिसऱ्या बैठकीत खरखरीत टाइल जाऊन चकचकीत आली, ढाळही गेला. वाचलेल्या पैशांत हंसाबेनना उभा आरसा बसवायचा होता, डोक्यापासून पायापर्यंतचा. त्या खूश होत्या. मी झोपाळ्याकडं बघायचं टाळत होतो. शेवटी पाहिलं. शालीचं एक बोचकं होतं, उशीएवढं, आणि त्यात डोळे.

जयसुखभाईंनी कागद हातात घेतला. "वर हे बाचं नाव कशाला? तिच्यासाठी आता यात आहे काय? हंसाचं लिहा. आरशासाठी माप तिचंच लागणार."

"ती माझी पद्धत आहे," मी म्हणालो.

"पद्धत राहू द्या. बावीस बाथरूमं करायची आहेत ना?"

हंसाबेन पदर सावरून मापासाठी उभ्या राहिल्या. बा शालीतून बघत होत्या. डोळे माझ्या पेनावर होते.

मी नाव खोडलं.

झोपाळ्याची कडी एकदाच कुरकुरली. माणूस उठल्यावर कुरकुरते, तेवढीच.

कुणीही वळून पाहिलं नाही.

शाल रिकामी होती. हंसाबेननी ती उचलली, झटकली आणि घडी घालून कपाटात ठेवली.

"बा कुठं गेल्या?" मी विचारलं.

"कुणाच्या बा?" जयसुखभाईंनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही लपवल्याचं दिसत नव्हतं. मी भिंतीकडं पाहिलं. तिथं घराच्या वास्तुशांतीचा फोटो होता. त्यात नवरा-बायको पाटावर बसलेली, आणि त्यांच्यामागं एक रिकामी खुर्ची.

बारा दिवसांत बाथरूम झालं. सुंदर झालं. बावीस बाथरूमांचं कामही मिळालं, आगाऊ रकमेसह. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, आणि मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं.

या दिवाळीत माझा डावा गुडघा धरला. मी स्वतःच केतनला, माझ्या मुलाला म्हणालो, आपलंही बाथरूम एकदा करून घेऊ, मला जपून उठावं लागतं. त्यालाच यादी करायला सांगितली. धंद्याचे हिशेब आता तोच बघतो, आणि मीच त्याला पद्धत शिकवली आहे. पहिल्या ओळीत नाव, पुढं तीन मापं. माझी मापं त्यानं गेल्या रविवारी घेतली. नीट घेतली, दोनदा.

काल संध्याकाळी चहाच्या वेळी तो टेबलाशी कागद घेऊन बसला होता. बायकोनं माझ्यासमोर चहाची बशी ठेवली, नेहमीच्या जागी.

"खर्च फार होतोय, पप्पा," तो म्हणाला. "थोडा हात आखडता घ्यावा लागेल."

"काय खोडलंस?"

"काही विशेष नाही. दोन दांडे फक्त."

मी बशीकडं हात केला. बशी जागेवरच होती. बोटं तिच्या अलीकडं चार इंचांवर थांबली.

"आता कमोडचं बघू," केतन म्हणाला, आणि त्यानं पेनाचं टोपण काढलं.