सिमेंटच्या आतली भिंत

"एल्रॉय, खाणं थांबव आणि कान लाव इथं!"

डेल्फीनानं चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवर दगडानं ठोकलं. वर ठक्क वाजलं. गुडघ्याच्या उंचीवर मात्र नुसतं धप्प!

"काहीतरी गडबड आहे," तिचा मामेभाऊ म्हणाला. भट्टीतला गरम पाव त्याच्या हातातच राहिला.

"अय्या, मुंग्या!" त्याची धाकटी बहीण रोझेंडा ओरडली. सिमेंटच्या भेगेतून मुंग्या अंडी घेऊन बाहेर पडत होत्या. मागे वळून बघायलाही एक तयार नव्हती.

उद्या गावच्या संताचा सण! प्रार्थनेला सगळं गाव आत बसणार, आणि सेफेरीना मावशी दरवर्षी ह्याच भिंतीला पाठ टेकून बसायची. आई गेल्यापासून डेल्फीनाला मावशीच काय ती होती.

"पडू दे की!" एल्रॉय उगाच हसला. "स्पॅनिश पाद्र्यांनी आपल्या लोकांना चाबकानं बडवून बांधून घेतलीय. तीनशे वर्षं उभी राहिली, बस झालं!"

"मावशीच्या अंगावर पडू दे?"

एल्रॉयचं हसू मावळलं.

रिओ ग्रांदे नदीच्या काठच्या आमच्या आदिवासी गावात भिंती लिंपणं हे बायकांचं काम. पुरुषांना ते जमत नाही, असं बायका म्हणतात आणि ते खरंच आहे. दर उन्हाळ्यात त्या चर्चच्या मातीच्या भिंतींना हातांनी चिखल लिंपायच्या. चार वर्षांपूर्वी एल्रॉयच्या बाबांनी, म्हणजे फर्मीनमामानं, हौसेनं भिंतींवर सिमेंट चढवलं आणि लिंपण बंद पडलं.

एल्रॉयनं स्क्रू-ड्रायव्हर आणून खालचा पोपडा उचकटला. आतून थंडगार, लापशीसारखा चिखल ओघळला. पाठोपाठ भिंतीच्या पोटात बारीक सरसर झाली. रोझेंडा दोन पावलं मागे सरली.

"गाढवांनो!" मागून फर्मीनमामा गरजला. "सणाच्या तोंडावर भोक पाडता?"

"मामा, पावसाचं पाणी आत जातं, पण सिमेंटमुळे वाळत नाही. भिंत आतून नासलीय!"

"मला अक्कल शिकवू नकोस! सिमेंट कधी नासतं का?"

त्यानं भोकात सिमेंट थापलं आणि हात झटकत निघून गेला. संध्याकाळी पुन्हा धो धो पाऊस झाला. डेल्फीनाला जेवण गेलं नाही.

सकाळी ती एल्रॉयला म्हणाली, "मोठी माणसं आपलं ऐकून बाहेर येणार नाहीत. पण संत बाहेर आला तर?"

प्रार्थना झाली की संताची मूर्ती चौकातल्या हिरव्या फांद्यांच्या मांडवात नेतात. संत जिथं, तिथं गाव! आणि प्रार्थनेआधी त्याला नवे कपडे चढवायचा मान सेफेरीना मावशीचा.

डेल्फीनानं भिंतीतून ओघळलेला ओंजळभर चिखल मावशीपुढे धरला. मावशीनं तो बोटांत चुरून पाहिला, हुंगला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आत फार अंधार आहे," ती मूर्ती उचलणाऱ्यांना म्हणाली. "कपडे मांडवातच घालू. चला, उचला!"

फर्मीनमामा धावत आला. "ताई, आधी प्रार्थना, मग मांडव!"

"मग तूच सांग संताला परत फिरायला!"

सगळं गाव मूर्तीमागे वळलं. पाद्रीबाबाही कुरकुरत निघाले.

"निदान मेणबत्त्या तरी आणतो," म्हणत मामा चर्चकडे वळला.

"बाबा, नको!" एल्रॉयनं धावत जाऊन त्याचा कमरेचा पट्टाच धरला. "पाया पडतो, आत जाऊ नका!"

मामा त्याला झिडकारणार, एवढ्यात उत्तरेची भिंत पोटातून फुगली आणि धाडकन खाली आली! धुळीनं चौक झाकून गेला. मावशी बसायची तिथं पुरुषभर ढीग पडला होता. आत कुणीही नव्हतं.

मामा मटकन खाली बसला आणि एल्रॉयला छातीशी धरून रडला.

गावाचे गव्हर्नर, म्हणजे गावप्रमुख, म्हातारे अँब्रोसिओ, काठी टेकत मुलांपाशी आले. "पोरांनो, आम्ही आंधळे झालो होतो. आज तुम्ही गाव वाचवलंत!"

"पडली ते बरंच झालं," मागून एक तरुण पुटपुटला. "त्या पाद्र्यांचीच होती."

"चाबूक त्यांचा होता," मावशी ताडकन म्हणाली. "भिंत आपल्या आज्यांनी बांधलीय. उद्यापासून माती कालवायची. डेल्फीना, तू माझ्या शेजारी!"

मामानं डोळे पुसले. "ताई, मी काय करू?"

"नदीवरून पाणी आण," मावशी म्हणाली. "आणि भिंतीला हात लावू नकोस!"