उखळाच्या काठावरची टक्

संध्याकाळ झाली की माम्पाँगच्या त्या आळीत घरोघरी उखळं बोलू लागत. रोजच्या जेवणातल्या फुफूच्या गोळ्यासाठी उकडलेले कसाव्याचे कंद आणि केळी कुटायची, ती दोघांनी. एकाने उभ्याने मुसळ मारायचं, दुसऱ्याने खाली बसून दोन घावांच्या मध्ये हात घालून गोळा उलटायचा. बोआतेमा याच आवाजांवर वाढली होती. शिंप्याच्या घरचे घाव उतावळे, शेजारच्या पोकुआमावशीचे आळसावलेले. डोळे मिटून चालली असती तरी ती आपलं घर चुकली नसती.

त्या दिवशी ती आक्राहून आली ती वडिलांना न्यायलाच. आई पावसाळ्याआधी गेली होती आणि क्वाकूबाबांना आता जवळजवळ दिसतच नव्हतं. एकटा म्हातारा चुलीत पडला तर? या काळजीने तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

कोपऱ्यावरच ती थबकली. तिच्या घरातून आवाज येत होता. धम्म. चप्. टक्.

धम्म म्हणजे मुसळ. चप् म्हणजे ओल्या हाताने उलटलेला गोळा. आणि टक्... ती आईची. बाबांची नजर गेल्यापासून आई हात बाहेर काढला की उखळाच्या काठावर बोटाने वाजवी. ते ऐकल्याशिवाय बाबा मुसळ खाली आणत नसत. साऱ्या आळीत असं दुसरं उखळ नव्हतं.

"ऐकलंस ना?" पोकुआमावशी कुंपणापलीकडून म्हणाली. "मला वाटलं, थेरड्याने नवी बाई आणली! चार शिव्या हासडायला गेले, तर..." पुढचं तिने गिळलं.

अंगणात बाबा मुसळ उचलून उभे होते. समोरचं बसकं स्टूल रिकामं होतं.

"कोण, बोआतेमा? बस पोरी, गोळा उलट."

"बाबा, आत्ता कोण..."

"आधी बस. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं!"

ती बसली. स्टूल ऊबदार होतं. तिने गोळा उलटला आणि भीतीने तिचा हात आतच राहिला. मुसळ वर थांबलेलं. बाबा कान देऊन उभे. टक् नाही. तिने हात ओढून घेतला, दोन्ही हात छातीशी धरले...

टक्.

धम्म.

बोआतेमाला रडूच आलं. भीती होतीच, पण भीतीहून मोठं काहीतरी तिच्या अंगभर उभं राहिलं. आई अजून घावाखालचा हात सांभाळत होती. आता लेकीचाही.

तरी सकाळी तिने उखळ पालथं घातलं, दाराला कुलूप लावलं आणि बाबांना गाडीत बसवलं.

"तिला सांगून तरी निघायचं होतं," एवढंच ते बोलले.

आक्रात तिसऱ्या मजल्यावर कुटायची सोय नव्हती. पुडीतल्या पिठाचं फुफू बाबा तोंडाला लावीनात. भिंतीकडे तोंड करून बसत आणि दिवसेंदिवस वाळत चालले. माझ्याच हट्टापायी बाबा जाणार, असं बोआतेमाला वाटू लागलं.

एका संध्याकाळी पोकुआमावशीचा फोन आला. हात ओले होते म्हणून बोआतेमाने तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"कुलूप तसंच आहे गं," मावशी कुजबुजली. "पण आत नुसतं टक्... टक्... घावच नाही. हात काढलाय, मार म्हणून सांगतेय बिचारी... ऐक."

टक्.

बाबांनी मान वर केली. सावकाश उठले. दोन्ही मुठी एकीवर एक धरून उंच नेल्या आणि खाली आणल्या. खोलीत कसलाच आवाज झाला नाही.

तो फोनमधून आला. धम्म.

आणि मागोमाग, ओल्या हाताचा, चप्.

"पाणी कमी लावलंस," बाबा कुरकुरले आणि मुठी पुन्हा वर नेऊन थांबले.