दोघांना संगतीच काढा

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांच्या बाबतीत ती घडली ते कोंडिराम सोनकांबळे सर आजही मीरा रोडला, शांती नगरात राहतात. आजवर त्यांनी ती दोनदाच सांगितली. दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार होता, दुपारचे साडेतीन. बाहेर पोरांचं क्रिकेट रंगलं होतं.

सर चित्रकलेचे शिक्षक. पस्तीस वर्षं पोरांना चित्रं काढायला शिकवली. निवृत्त झाल्यावर स्वतः कॉम्प्युटर शिकले आणि दर रविवारी सोसायटीच्या ऑफिसात पोरांना फोटो एडिटिंग शिकवायला लागले. तीन जुने कॉम्प्युटर, सात-आठ पोरं. एकच गोष्ट दहादा विचारली तरी सरांचा आवाज चढत नसे.

त्या दिवशी लेयरचा धडा होता. सरांनी टेबलावर पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन कागद मांडले. एकावर झाड, एकावर घर, एकावर माणूस.

"हा एकेक कागद म्हणजे एकेक लेयर. वरचा खालच्याला झाकतो. माणूस घराच्या पुढे दिसायला हवा, तर त्याचा कागद वर ठेवायचा. कळलं? आता स्क्रीनवर जा आणि माणूस काढा."

"सर, काढू म्हणजे ड्रॉ करू की डिलीट करू?" अथर्वनं विचारलं.

पोरं खिदळली. सरही हसले.

"खरंय बाबा. पस्तीस वर्षं मी 'काढा' म्हटलं की पोरं पेन्सिल उचलायची. डिलीट कर."

मग कृतिका पुढे आली. बारा वर्षांची, काशीगावची. गावातल्या जुन्या घरातली. तिच्या मुठीत मोबाइलचं छोटं मेमरी कार्ड होतं.

"सर, आजीचा फोटो हाय यात. एकच नीट आलाय. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायचाय, पण मांडीवर विपुल बसलाय. पप्पा बोलले, त्याला काढून द्या."

विपुल तिचा धाकटा भाऊ. सहा वर्षांचा. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, म्हणून त्याला काढायचं.

सरांनी फोटो उघडला. अंगणात खुर्चीवर बसलेली पुष्पलता आजी. मांडीवर विपुल. आजीचा एक हात त्याच्या पोटाभोवती, दुसरा त्याच्या पाठीवर, थोपटताना थांबल्यासारखा.

"बघा रे सगळे," सर म्हणाले. "कडेकडेनं जायचं. घाई नाही करायची."

त्यांनी विपुलभोवती हळूहळू रेघ फिरवली. डिलीट दाबलं. विपुल गेला. मांडीवर पांढरं भोक पडलं. शेजारच्या लुगड्याचा तुकडा उचलून त्यांनी तिथे भरला, रंग जुळवला. आजी एकटी झाली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी खुशीत सेव्ह केलं, फाइल बंद केली.

"सर," अथर्व म्हणाला, "आधी कॉपी केली होती ना?"

सरांचा हात माऊसवरच राहिला.

आधी कॉपी करा, मग हात लावा. त्यांचाच पहिला नियम. दर रविवारी फळ्यावर लिहायचे. आणि आज पोरांच्या कौतुकात ते कार्डावरच्या मूळ फोटोवर काम करून बसले होते. मूळ फोटो पुसला गेला होता.

"राहिली रे," ते हळूच म्हणाले. "बघा, माझंही चुकतं."

आणि तेव्हाच...

थप... थप... थप...

खूप हलका आवाज. बाळाला थोपटतात तसा.

"कोण टेबल वाजवतंय?"

कुणीच नाही. पोरांचे हात मांडीवर होते.

सरांनी फोटोची एक प्रत ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ठेवली, कार्ड कृतिकाला दिलं आणि त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

बुधवारी दुपारी कृतिकाचा फोन आला. ती रडत होती.

"सर, विपुलला ॲडमिट केलंय. सोमवारपासून ताप हाय. आजीच्या खुर्चीवर बसला तो उठेचना. पप्पांनी ओढला तरी उठेना. बोलतो, आजी सोडत नाय."

सरांनी फोन ठेवला. बायकोला, प्रभावतीबाईंना, काही सांगितलं नाही. सरळ सोसायटीच्या ऑफिसात गेले. कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. कॉम्प्युटर बंद होते.

थप... थप... थप...

त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. फोटो उघडला.

आजी तशीच बसली होती. पण पोटाभोवतीचा हात रविवारी सैल होता... आता त्याची बोटं घट्ट आवळलेली होती.

आणि मांडीवरचं लुगडं...

सरांनी स्वतःच्या हातानं सपाट भरलेलं ते लुगडं खोलगट दबलं होतं. वर कुणीतरी बसल्यासारखं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कृतिकाचे वडील, शिवदास, भिंतीला टेकून उभे होते. सर जवळ गेले.

"शिवदास, काय म्हणतात डॉक्टर?"

"काय न्हाय म्हनत. रिपोर्ट सगळं चांगलं. पन पोर डोळं उघडत न्हाय, सर."

"तुमच्या आई विपुलविषयी काही बोलायच्या का?"

"आयेचा जीव होता त्याच्यावर. कोनी मोबाइल धरला का विपुलला मांडीवर घ्यायची. बोलायची, काढाल तं दोघांना संगतीच काढा. एकटीला काढू नका." ते कसनुसं हसले. "जायच्या दिवशी पन तेच बोलत होती. आमाला वाटलं, फोटोचंच बोलते."

सरांच्या डोक्यात तो एकच शब्द फिरत राहिला, काढा.

चित्र काढतात. फोटो काढतात. पोरांना शिकवताना माणूस फोटोतून काढतात. आणि घरातून मयतही... काढतात.

म्हातारीचा अर्थ कुठला होता? फोटोत पोर सोबत होतं तोवर तिचं म्हणणं पाळलं गेलं होतं. सरांनी ते तिच्या मांडीवरून उचललं होतं. आता ती खरं पोर मागत होती.

"मला विपुलचा एखादा बसलेला फोटो दे," सर कृतिकाला म्हणाले. "आत्ता. कुठलाही."

तिनं पाठवला. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून हसणारा विपुल.

सर रिक्षानं ऑफिसात परत आले. संध्याकाळचे सहा वाजले होते. रेघ वाकडी जात होती. त्यांनी पोरांना सांगतात तसं स्वतःलाच सांगितलं... कडेकडेनं. घाई नाही.

या वेळी त्यांनी आधी कॉपी केली.

विपुलला कापला. नव्या लेयरवर घेतला. छोटा केला, मांडीवर बसवला. त्याचा लेयर वर होता, म्हणून आजीचे हात त्याच्यामागे झाकले गेले. ते हात नंतर पुढे आणायचे होते.

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. पुन्हा लावला.

आजीचे हात...

विपुलच्या पुढे आले होते.

एक त्याच्या पोटाभोवती. दुसरा पाठीवरून पुढे येऊन पहिल्यात गुंफलेला. लेयर तेच होते, त्याच क्रमानं. विपुलचा वर, आजीचा खाली. असं होऊच शकत नाही. हे सरांनी शेकडो पोरांना शिकवलं होतं.

त्यांनी डोळे मिटून सेव्ह केलं.

थप... थप...

तिसरी थाप आली नाही.

दहा मिनिटांनी शिवदासांचा फोन आला. आवाज फाटला होता. "सर! पोर उठून बसला! सुके बोंबील मागतो! नर्सबाई ओरडतात, इथं कुठले बोंबील!"

सर हसले. मग टेबलावर डोकं ठेवून खूप वेळ रडले.

काशीगावच्या त्या घरात आजीचा फोटो लागलाच नाही. विपुल मांडीवर असताना त्याला हार कोण घालणार? आणि पुन्हा त्याला काढायची हिंमत कुणात नव्हती. सरांनी कार्डावरचा एकट्या आजीचा फोटो पुसला, जोडलेला फोटो आपल्या घरी आणला आणि शिवदासांना एवढंच सांगितलं, फोटो माझ्याकडे राहू द्या.

इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात सरांनी सहज फोटो उघडला. मांडीवरचा विपुल हसत होता... आणि त्याचा पुढचा एक दात पडलेला होता.

सरांनी कृतिकाला विचारलं. "हो सर, कालच पडला. तुम्हाला कसं कळलं?"

तेव्हापासून सर रोज सकाळी, चहाच्याही आधी, तो फोटो उघडतात. विपुलचे डोळे उघडे आहेत ना, बघतात. प्रभावतीबाई विचारतात, "रोज उठून त्या फोटोत काय बघताय हो?" सर सांगत नाहीत. त्यांचं वय बहात्तर. त्यांच्यानंतर कोण बघणार, हेही त्यांना कळत नाही.

विपुल आता आठ वर्षांचा आहे. मजेत आहे. भराभर वाढतोय.

फोटोतही वाढतोय.

पण आजीचे हात तेवढेच आहेत. आधी ते त्याच्या पोटावर एकमेकांत गुंफलेले असायचे. मग बोटांत बोटं अडकली होती. गेल्या रविवारी सरांनी फोटो मोठा करून पाहिला...

फक्त बोटांची टोकं टेकलेली होती.

हात सुटले की पोरगा सुटेल? की आजी पुन्हा खऱ्या पोराला धरायला येईल? सरांना माहीत नाही. शिवदासांना त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही. काय सांगणार?

काल कृतिकाचा फोन आला होता. विपुलला शाळेचा नवा शर्ट घेतला, म्हणाली. जुन्याची बटणंच लागत नाहीत.

"लय उंच होणार सर, बघा तुम्ही!"

ती हसत होती.

सरांनी हं म्हटलं, आणि फोन ठेवून कॉम्प्युटर सुरू केला.